मी सदतीस नंबरचा हातोडा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. पण खिळे ठोकणारा समजून माझ्याकडे पाहू नका, मला राग येतो. मी वनखात्याचा शिक्क्याचा हातोडा. जंगलात तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावर माझा घाव बसला की तो ओंडका कायद्याचा, नाही बसला तर चोरीचा. माझ्या तोंडावर एक गोल कडं होतं, कड्यात बाण आणि बाणाखाली ३७ हा आकडा. सगळं उलटं कोरलेलं, म्हणजे लाकडावर सुलटं उठावं. गडचिरोली जिल्ह्यात माझे भाऊबंद पुष्कळ होते, पण सदतीस नंबर माझा एकट्याचा होता.

माझा जन्म मार खाऊनच झाला. चंद्रपूरच्या एका लोहाराने मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर आडवं पाडलं आणि घणाने बडव बडव बडवलं. मग छिन्नीने तोंड कोरलं आणि धावड्याचा दांडा बसवला. ज्याने इतका मार खाल्लाय, त्याला दुसऱ्याला मारताना काय वाटणार, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. तो माझा समज होता.

मला ज्याच्या ताब्यात दिलं तो वनपाल सोमाजी. आरमोरीच्या पुढे जंगलाला लागून बेलटोला नावाचं गाव आहे, तिथे त्याचं सरकारी क्वार्टर होतं. धानशेतीचा एक तुकडा, बायको कमळा, आणि लोखंडी पेटीत मी. पेटीची किल्ली त्याच्या कमरेच्या करदोट्याला. माझा नियम कडक होता. ज्याच्या नावावर हातोडा, त्यानेच तो चालवायचा. दुसऱ्याच्या हातात क्षणभरही द्यायचा नाही. हातोडा हरवला तर त्याच दिवशी सगळ्या तपासणी नाक्यांना कळवायचं आणि तो नंबर बाद करायचा.

आमचं काम कसं चालायचं, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. झाड तोडलं की त्याचा बुंधा जमिनीत राहतो. सोमाजी कुऱ्हाडीने बुंध्याची साल तासायचा आणि माझा एक ठसा तिथे मारायचा. मग त्याच झाडाच्या प्रत्येक ओंडक्यावर एक. बुंध्यावरचा ठसा आणि ओंडक्यावरचा ठसा जुळला, तरच गाडी सोडायची. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातला साग असो की सरकारी जंगलातला, रीत एकच. सोमाजीचं ठरलेलं वाक्य होतं, "बुंधा दाखोल्याशिवाय ठसा नाई." कुणी हात जोडो, कुणी डोळे वटारो, तो एवढंच बोलायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. नाक्यावरचे लोक माझा ठसा पाहून म्हणायचे, "सदतीस हाय न? सोड गाडी. सोमाजीभाऊचा हाय."

आता प्रवीणबद्दल. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तोडीवरच्या मजुरांचा मुकादम होता. अंगाने दणकट, बोलायला गोड, आणि हात चटकन उगारणारा. कामाला उशीर केला म्हणून त्याने एका मजुराला बांबूने एवढं झोडपलं की बांबू चिरला. दुसऱ्या दिवशी त्याच मजुराला त्याने स्वतःच्या मोटरसायकलवरून दवाखान्यात नेलं आणि औषधाचे पैसे भरले. लोकांना दुसरा दिवस लक्षात राहिला. प्रवीणने हे बरोबर हेरलं. आधी मारायचं आणि मग मलम लावायचं, अशी त्याची रीतच पडली.

मुकादमाचा तो ठेकेदार झाला, ठेकेदाराचा सरपंच. पोचू नावाच्या म्हाताऱ्याने ग्रामसभेत उठून विचारलं होतं, "भाऊ, तलावाच्या पाळीचा मुरूम कुठी गेला?" चार दिवसांनी पोचूचा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडलेला सापडला. बैलाने तुडवलं, असं पोचू स्वतःच सांगायचा. त्याच्याकडे बैल नव्हता. पुढच्या ग्रामसभेत कुणी काही विचारलं नाही. मग प्रवीण पंचायत समितीचा सभापती झाला. चौकाचौकात त्याचे हात जोडलेले फलक लागले. मी तोडीच्या जागी दगडावर पडल्यापडल्या मजुरांचं बोलणं ऐकायचो. ते त्याचं नाव घेण्याआधी मागे वळून पाहायचे.

आणि इथेच माझ्या सोमाजीची चूक झाली. मी ती लपवणार नाही.

आमच्याकडे तोड सुरू करण्याच्या दिवशी पूजा असते. पहिल्या झाडाला हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती. हातोड्यालाही कुंकू लागतं. आणि पहिला ठसा गावातल्या एखाद्या मानाच्या माणसाकडून मारून घ्यायचा, अशी लोकांची पद्धत. नियमात ती कुठेच नाही. सोमाजीने कितीतरी वर्षं ती टाळली होती. पण त्या वर्षी सभापती पूजेला आले, सोबत फोटोवाला आला, आणि सगळे मजूर म्हणाले, "भाऊच्या हातानं होऊ द्या." सोमाजी घुटमळला. मग त्याने मला प्रवीणच्या हातात दिलं.

एकच घाव. टाळ्या पडल्या, फोटो निघाला, दोन दिवसांनी तो पेपरात आला. सोमाजी मला देतो आहे, प्रवीण हसत घेतो आहे. प्रवीणच्या मुठीने मला उगाच एकदा तोलून पाहिलं होतं, ते मला आवडलं नव्हतं. घरी कमळाने पेपर पाहिला आणि म्हणाली, "अजी, हातोडा सरकारचा, नोकरी तुमची. मग त्याले काऊन देल्ला?"

"एक घाव त होता, कमळा. मान ठेवला त्याचा."

"ज्याले मान देल्ला त्यानं पोचूभाऊचा पाय नाई ठेवला," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. सोमाजीने मला पेटीत ठेवलं आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

पुढच्या एप्रिलची गोष्ट. मोहफुलं संपत आली होती, भर दुपार होती. बेलटोल्यापासून कोसभर, जंगलाच्या कडेला एका शेतात सागाच्या ओंडक्यांची थप्पी लागली होती. मालकीच्या शेतातला साग म्हणून कागद तयार, पंचायत समितीचा दाखला तयार, सभापतींची पांढरी गाडी झाडाखाली, ट्रक उभा. ट्रकचा ड्रायव्हर सुकलू. फक्त माझा ठसा बाकी होता. प्रवीणचा धंदा आता असा चालत होता. सरकारी जंगलातला साग रातोरात पाडायचा, एखाद्या गरिबाच्या शेतात आणून टाकायचा, खुर्चीच्या जोरावर खोटा दाखला द्यायचा आणि वरोऱ्याच्या रस्त्याने बाहेर काढायचा. त्या खुर्चीवर लोकांनी त्याला बसवलं होतं, हे ध्यानात ठेवा.

सोमाजीने ओंडके पाहिले. मग तो शेतभर फिरला आणि परत आला.

"भाऊ, लाकूड साठ झाडाचं हाय. वावरात बुंधे अकरा हायेत. बाकीची झाडं का हवेत उगवली होती?"

"सोमाजीभाऊ, दाखला हाय न आमचा? ठसा मारा न मोकळे व्हा."

"बुंधा दाखोल्याशिवाय ठसा नाई."

"मागच्या साली त हातोडाच देल्ला होता माह्या हातात," प्रवीण हसला. "तवा कोणता बुंधा पाह्यला होता?"

"ते चुकलं माहं. आता नाई चुकत."

प्रवीणने मान हलवली. त्याच्या दोन माणसांनी सोमाजीला मागून धरलं आणि ओंडक्यावर पालथं दाबलं. मी सोमाजीच्या उजव्या मुठीत होतो. प्रवीणने मला ओढलं. मूठ सुटेना. मग त्याने शेजारी पडलेल्या कुऱ्हाडीची पाठ घेतली आणि त्या मुठीवर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मी आत होतो, मित्रांनो. बोटांची हाडं माझ्या दांड्यावर मोडताना मला एकेक कळली. तरी मूठ उघडेना. चौथ्या घावाला ती उघडली नाही, ती फक्त उरली नाही.

सोमाजी ओरडला, "माहा नंबर हाय तो! सदतीस माहा हाय!"

"तुहा हाय? मंग घे," प्रवीण म्हणाला. त्याने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि सोमाजीच्या पाठीत घातलं. उजव्या खांद्याच्या मागे, फऱ्याच्या हाडावर. मी आयुष्यभर लाकडावर पडलो होतो. सागात शिरताना एक कोरडा, स्वच्छ आवाज येतो. हा आवाज तसा नव्हता. सदरा फाटला, कातडी फाटली, आणि माझं कडं, माझा बाण, माझा आकडा आत रुतला. प्रवीणने मला ओढून काढलं आणि पुन्हा मारलं, या वेळी बरगड्यांवर तिरपं. मी लोखंड आहे. मी वळू शकलो नाही, थांबू शकलो नाही. पण सोमाजीचं रक्त माझ्या आकड्यात भरलं, त्याची लाज मला अजून आहे.

मग प्रवीणने घाम पुसला आणि ओंडक्यांवर ठसे मारायला सुरुवात केली. पहिल्या चार ओंडक्यांवर ठसा लाल उठला. सुकलू ट्रकपाशी उभा होता. "माती लाव बे त्याले," प्रवीण त्याला म्हणाला. सुकलूने मूठभर माती घेऊन ते चार ठसे चोळले. ट्रक गेला. सोमाजी तिथेच पडून राहिला.

त्याला उचललं ठमाबाईने. ही मोहफुलं वेचणारी म्हातारी, झुडपांच्या आडून तिने सगळं पाहिलं होतं. तिने लुगडं फाडून त्याचा हात बांधला आणि शेजारच्या वावरातून बैलबंडी आणून त्याला दवाखान्यात नेलं.

आता बघा, खोटं कसं चालतं. त्याच संध्याकाळी गावात बोललं जाऊ लागलं की सोमाजी दारू पिऊन गाडीवरून पडला. हातोडा गेला, ही खबर नाक्यांना त्याच दिवशी जायला हवी होती. प्रवीणच्या वजनाखाली ती नऊ दिवस कार्यालयातल्या एका टेबलावर दाबून ठेवली गेली. त्या नऊ दिवसांत मी प्रवीणच्या गोदामात शेकडो चोरीच्या ओंडक्यांवर पडलो. प्रत्येक गाडी नाक्यावरून सुटली, कारण ठसा सदतीस होता आणि सदतीस म्हणजे सोमाजी. त्याच्या चांगल्या नावावरच चोरी पार झाली. मग पेपरात तो जुना फोटो पुन्हा छापून आला. वनपालाने हातोडा चोरांना विकला. हा पाहा, पूजेतही कसा सहज दुसऱ्याच्या हातात देतो आहे. सोमाजी निलंबित झाला.

नाक्यांवर अखेर खबर पोचली तेव्हा प्रवीणने मला सुकलूकडे फेकलं. "पुलावरून वैनगंगेत टाक याले." सुकलू पुलावर थांबला, मला हातात घेतलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या आकड्यात अजून काळं रक्त वाळलेलं होतं. त्याने मला टाकलं नाही. घरी नेऊन धानाच्या कोठीत खोल पुरून ठेवलं. तो शूर होता म्हणून नव्हे. घाबरट माणूससुद्धा कधीकधी एखादी गोष्ट जपून ठेवतो.

चौदा महिने मी धानात होतो. बाहेर काय चाललं, ते मला पुढे कोर्टात कळलं. ठमाबाईने पोलिसांकडे तोंड उघडलं म्हणून भर दुपारी तिच्या झोपडीला आग लागली. तिच्या दोन शेळ्या दावणीला बांधलेल्या जळाल्या. कमळा सोमाजीच्या पाठीची जखम धुवायची. जखम भरत आली तेव्हा एक दिवस तिचा हात थांबला. लग्न होऊन आल्यापासून तिने ओंडक्यांवर तो ठसा पाहिला होता. "अजी," ती म्हणाली, "तुमच्या पाठीवर सदतीस उठला हाय."

"कोणाले सांगजो नोको," सोमाजी म्हणाला. "मी का लाकूड हाव?" त्या दिवसापासून तो विहिरीवर उघड्याने आंघोळ करेनासा झाला. चोर म्हटलेलं त्याला चालत होतं, पण ती पाठ दाखवणं चालत नव्हतं. कमळाने पुष्कळ समजावलं. ज्या माणसाने हातोडा विकला, त्याच्या पाठीवर त्याच हातोड्याचा घाव कसा असेल, एवढं तर चौकशी करणाऱ्यांना कळेल! तो ऐकत नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझ्याशिवाय तो डाग कुणाला कशाशी जुळवता आला असता?

मग प्रवीणने एक चूक केली. त्याचा दुसरा एक ट्रक पकडला गेला, तेव्हा त्याने सुकलूला सांगितलं, "तुह्या अंगावर घे." सुकलू नाही म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाला असावा. आरमोरीच्या आठवडी बाजारात, मिरचीच्या ढिगांपाशी, प्रवीणच्या माणसांनी त्याला टायर खोलायच्या टामीने मारलं. तीन बरगड्या गेल्या. तो तिखटात लोळला, डोळ्यांत तिखट गेलं, आणि तरी ते मारत राहिले. बाजार भरलेला होता. कुणीही मधे पडलं नाही. प्रवीण दुसऱ्या दिवशी फळं घेऊन दवाखान्यात आला. सुकलूने ती घेतली आणि घरी येऊन धानाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. गडचिरोलीला वनखात्याच्या मोठ्या साहेबाच्या टेबलावर त्याने मला ठेवलं तेव्हा माझ्या अंगावरून धान सांडत होतं.

खटला उभा राहिला. पदाचा गैरवापर, दुसऱ्यांना दिलेल्या खोट्या दाखल्यांसाठी घेतलेली लाच, चोरीचं लाकूड आणि सोमाजीवरचा हल्ला. मी कापडात गुंडाळलेला, चिठ्ठी लावलेला, न्यायाधीशांपुढच्या टेबलावर. सोमाजी साक्षीला उभा राहिला. उजवा हात खिशात. प्रवीणच्या वकिलाने तो फोटो मोठा करून आणला होता.

"हा हातोडा तुम्हीच सभापतींना दिला होता. हो की नाही?"

"देल्ला होता, साहेब. पूजेच्या दिवशी. एक घाव."

"म्हणजे द्यायची सवय होती तुम्हाला."

कोर्टात कुणीतरी हसलं. सोमाजीने कमळाकडे पाहिलं. ती मागच्या बाकावर पदर तोंडात धरून बसली होती. मग त्याने डाव्या हाताने सदऱ्याची गुंडी काढायला सुरुवात केली. एका हाताने वेळ लागला. वकील म्हणाला, हे काय चाललंय. न्यायाधीश म्हणाले, थांबा. सोमाजीने सदरा उतरवला आणि सगळ्या कोर्टाकडे पाठ केली.

"साहेब, मी तीस साल बुंध्याचा ठसा न ओंडक्याचा ठसा जुळवून गाडी सोडत होतो. नाई जुळला त सोडत नव्हतो. आता माहा जुळवून पाहा."

कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी त्याला सदरा घालायला सांगितलं आणि डॉक्टरांकडून तपासणीचा आदेश दिला. पण पाहणाऱ्यांनी पाहिलं होतं. अर्धं कडं, बाणाचं टोक, आणि त्याखाली पांढऱ्या उठलेल्या कातडीत ३७. मला सागाच्या एका ताज्या चकतीवर मारून नमुना घेतला गेला. तो जुळला. माझा ठसा कधीच खोटा उठला नव्हता, आणि तो खरा निघाल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. त्यानंतर ठमाबाई बोलली, सुकलू बोलला, आणि अखेर पोचूही काठी टेकत आला.

प्रवीणला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. निकालाच्या दिवशी बाहेर त्याचे लोक हार घेऊन उभे होते. हार वाया गेले म्हणून त्यांनी दगड उचलले. पोलीस गाडीची काच फुटली, एका शिपायाचं कपाळ फुटलं. प्रवीण गाडीच्या जाळीतून हात हलवत होता, फलकावर हलवायचा तसा.

सोमाजीचं निलंबन रद्द झालं. पूजेच्या दिवशी हातोडा दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून खात्याने त्याला लेखी ताकीदही दिली. ती वाचून तो कमळाला म्हणाला, "हे बरोबर हाय." उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, ते त्याने कार्यालयात बसून काढलं.

मित्रांनो, मी तुम्हाला फार उपदेश करणार नाही. तुमच्या ताब्यात विश्वासाने काही दिलं जाईल. किल्ली असेल, शिक्का असेल, उद्या मोठे झालात की मतदेखील असेल. ते जपा. कुणाच्या मानासाठी, टाळ्यांसाठी, एका फोटोसाठी ते एका घावापुरतंही दुसऱ्याच्या हातात देऊ नका. आणि ज्यांना तुम्ही मोठं करता, त्यांनी मलम लावण्याआधी काय केलं होतं, तेही लक्षात ठेवा.

माझं काय झालं, ते सांगून थांबतो. कोर्टाने माझा नंबर कायमचा बाद केला. वर्कशॉपमध्ये नेऊन माझं तोंड घासून सपाट करायचं, असा हुकूम निघाला. पंच म्हणून सोमाजीला बोलावलं होतं. मिस्त्रीने मला शिकंज्यात पकडलं, मशीन हातात घेतली आणि मग जरा थांबला. भला माणूस होता. कोपऱ्यातली सागाची एक फळी त्याने पुढे सरकवली.

"भाऊ, तीस साल चालवला तुमी. घासाच्या पह्यले एक ठसा मारून देऊ का या फळीवर? आठवण म्हणून ठेवजा."

सोमाजीने फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नोको," तो म्हणाला. "हाय माह्यापाशी."

मिस्त्रीने मशीन सुरू केली. माझा ठसा पुसायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.